साधनागृहाचे नूतनीकरण : ज्यू परंपरा आणि वर्ध्याची माती

तपसाधनेसाठी बांधलेली घरे जुनी झाली, की त्यांचे नूतनीकरण कसे करावे, हा प्रश्न धर्मप्रांतांपुढे वारंवार येतो. कवेलूंचे छप्पर उतरवून स्लॅब टाकावा, खोल्यांत वातानुकूलन यंत्रे बसवावीत, हा विचार प्रथम सुचतो. आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तो स्वाभाविकही आहे. मात्र त्यानंतरचे विजेचे देयक दरमहा भाविकांच्या दानातूनच भरावे लागते. म्हणून त्या घरात लोक काय करणार आहेत, हे आधी ठरवावे आणि मग आराखडा काढावा, असे आम्हांस वाटते. याबाबत ज्यू परंपरेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

ज्यू साधनाकेंद्राचा आराखडा शब्बाथापासून सुरू होतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत आचारनिष्ठ ज्यू अग्नी पेटवीत नाहीत, विजेची बटणेही दाबीत नाहीत. त्यामुळे उजेड व वारा खिडक्यांतून मिळेल अशी रचना आणि आधीच वेळ लावून ठेवलेले दिवे यांना तेथे महत्त्व येते. स्वयंपाकघरात दूध आणि मांस यांची भांडी वेगळी ठेवावी लागतात. शुद्धिस्नानाच्या कुंडात, म्हणजे मिकव्यात, पावसाचे किंवा झऱ्याचे नैसर्गिक पाणी लागते. पावसाचे पाणी साठविणे हा तेथे मुळात उपासनेचाच भाग आहे. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, अशी आज्ञा अनुवादाच्या २० व्या अध्यायात आहे. रब्बींनी तिचा विस्तार करून उपयोगी वस्तूचा व्यर्थ नाश निषिद्ध मानला. या तत्त्वाला ‘बाल तश्खित’ म्हणतात. धड उभी असलेली भिंत पाडायची, तर तिला सबळ कारण हवे. लेवीयाच्या २५ व्या अध्यायात सातव्या वर्षी भूमीला विश्रांती द्यावी असे सांगितले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात या विश्रांतीचा आवर्जून उल्लेख केला आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील इसाबेला फ्रीडमन केंद्राचे मूळ १८९३ साली कष्टकरी ज्यू मुलींच्या विश्रांतीसाठी स्थापन झालेल्या संस्थेत आहे. तेथे साधनेला शेतीची जोड दिलेली आहे. २०१३ मध्ये ते हाझोन या पर्यावरणनिष्ठ ज्यू संस्थेत विलीन झाले. २०२३ पासून संस्थेचे नाव अदामा, म्हणजे भूमी, असे आहे.

आम्हांला अधिक जवळचे उदाहरण हर्मन कॅलनबाख यांचे वाटते. व्यवसायाने वास्तुशिल्पी असलेल्या या ज्यू गृहस्थांनी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळची आपली सुमारे १,१०० एकर जमीन गांधीजींच्या सत्याग्रही कुटुंबांना वापरावयास दिली. तेच टॉल्स्टॉय फार्म. मोठ्या इमारती उभारणाऱ्या या माणसाने तेथे पत्र्याची साधी घरे उभारून घेतली आणि स्वतः तेथे राहून श्रम केले. १९३७ मध्ये भारतभेटीत ते सेगावलाही आले. गांधीजी १९३६ पासून तेथे राहत होते. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड व कवेलू यांची आहे. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच त्या कुटीत बसले होते. ते कॅथोलिक धर्मगुरू म्हणून दीक्षित झालेले विचारवंत. १९६९ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाचे कार्य सोडले होते. त्यांची आई ज्यू वंशाची होती. सामानाने भरलेले घर माणसाला परावलंबी करते, असे त्यांनी त्या कुटीविषयीच्या भाषणात मांडले.

आता रोहण्याच्या मातीकडे वळू. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे जुन्या भिंतीला तडा दिसला, की गिलावा करण्यापूर्वी पायाजवळ पाणी मुरते काय ते पाहावे, आणि शोषखड्डा पायापासून दूर घ्यावा. छपराचे १०० चौरस मीटर क्षेत्र आणि १,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एक लाख लिटर पाणी पडते. गळती वजा जाता त्यातील सुमारे ८० हजार लिटर हाती लागू शकते. कवेलूंखाली बांबूचे तट्टे, पश्चिमेस पडवी आणि अंगणात कडुनिंब असला, तर दुपारची धग बरीच उतरते. कवेलूंची शाकारणी दरवर्षी करावी लागते हे खरे. पण तो पैसा गावातल्याच कारागिरांच्या हाती जातो. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने तर कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या शंकूंची कमानी छते करून दाखविली आहेत.

मौन, आराधना, प्रायश्चित्त संस्कार आणि मिस्सा यांसाठी शीतल, निःशब्द खोली पुरते. यंत्राची घरघर तेथे अडथळाच ठरते. निवासाच्या खोल्यांत वृद्ध व आजारी साधकांसाठी एखादे यंत्र अवश्य असावे. त्याबाबत हट्ट नको.

स्लॅब आधीच पडला असेल, तर त्यावर पांढऱ्या चुन्याचा थर द्यावा आणि गच्चीचा कठडा तपासावा. खर्च कापताना कठडा बहुधा शेवटी राहतो. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात मात्र नवे घर बांधणाऱ्याला पहिली आज्ञा कठड्याचीच आहे, कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून.