ज्युडिथ टेंडलर

ज्युडिथ टेंडलर (१९३८ – २०१६) या अमेरिकन विकास-अर्थशास्त्रज्ञ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथील नगर अभ्यास व नियोजन विभागातील प्राध्यापक होत्या. परकीय मदत देणाऱ्या संस्थांचा अंतर्गत कारभार, स्वयंसेवी संस्थांची परिणामकारकता आणि विकसनशील लोकशाही देशांतील सरकारी यंत्रणा हे त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील सेआरा या राज्यातील शासकीय कार्यक्रमांवरील त्यांचा 'गुड गव्हर्नमेंट इन द ट्रॉपिक्स' (१९९७) हा ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे. गरीब देशांतील सरकारे स्वभावतःच अकार्यक्षम व भ्रष्ट असतात आणि स्वयंसेवी संस्था मात्र आपोआपच गरिबांपर्यंत पोहोचतात, या दोन्ही रूढ समजुती त्यांनी प्रत्यक्ष पाहणीच्या आधारे तपासल्या.

शिक्षण आणि आरंभीचे संशोधन

टेंडलर यांनी कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विकास-अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन हे त्यांचे गुरू होते. विकासाचे प्रयत्न फसलेच असणार असे गृहीत धरण्याच्या वृत्तीवर हिर्शमन यांनी टीका केली होती, आणि तिचा ठसा टेंडलर यांच्या पुढील सर्व लेखनावर दिसतो.

'इलेक्ट्रिक पॉवर इन ब्राझील' (१९६८) हे त्यांचे पहिले पुस्तक. ब्राझीलमध्ये वीजनिर्मितीचे मोठे प्रकल्प सरकारी कंपन्यांनी उभारले, तर मोठ्या शहरांतील वितरण बराच काळ परकीय मालकीच्या कंपनीकडे राहिले. वितरणात ग्राहकांशी थेट संबंध येतो आणि वीजदराचा प्रश्न राजकीय वादाचा होतो. धरणे व जनित्रे यांच्या कामात तसे होत नाही. त्यामुळे सरकारी कंपन्यांना निर्मितीच्या क्षेत्रात उद्यमशीलता दाखवता आली, असे त्यांनी मांडले.

परकीय मदतीचा अभ्यास

टेंडलर यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या (यूएसएड) ब्राझीलमधील कार्यालयात काम केले. या अनुभवातून 'इनसाइड फॉरेन एड' (१९७५) हे पुस्तक आकारास आले. मदत अयशस्वी ठरण्याचे खापर सामान्यतः मदत घेणाऱ्या देशावर किंवा अधिकाऱ्यांच्या कुवतीवर फोडले जाई. टेंडलर यांनी त्याऐवजी मदत देणाऱ्या संस्थेच्या रचनेकडे लक्ष वेधले.

त्यांच्या विवेचनानुसार मदतसंस्थेत पैसा मुबलक असतो, परंतु पैसा देण्याजोगे तयार प्रकल्प थोडे असतात. मंजूर रक्कम वेळेत खर्च करणे हेच कामाचे मोजमाप ठरते. परिणामी थोड्या मनुष्यबळात मोठी रक्कम वापरणारे आणि आयात यंत्रसामग्रीवर अवलंबून असणारे प्रकल्प पुढे सरकतात; लहान, स्थानिक साधनांवर चालणारे प्रकल्प मागे पडतात. बाहेरून सतत टीका होत असल्याने अधिकारी आपल्या चुका कागदावर आणण्याचे टाळतात आणि संस्थेची शिकण्याची क्षमताच खुंटते, असेही त्यांनी दाखवले.

स्वयंसेवी संस्थांविषयीचे संशोधन

यूएसएडसाठी १९८२ साली तयार केलेल्या अहवालात टेंडलर यांनी खाजगी स्वयंसेवी संस्थांच्या मूल्यमापनाची चिकित्सा केली. या संस्था गरिबांपर्यंत पोहोचतात, लोकसहभागातून काम करतात, लवचीक व नावीन्यपूर्ण असतात आणि कमी खर्चात काम करतात, ही विधाने पुराव्यावर नव्हे तर श्रद्धेवर आधारलेली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनेक प्रकल्पांत निर्णय प्रत्यक्षात संस्थेचे कर्मचारी किंवा गावातील प्रतिष्ठित मंडळीच घेत असत. मात्र एवढ्यावरून असे प्रकल्प निरुपयोगी ठरत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. काही कामांत वरून घेतलेला निर्णयही गरिबांच्या हिताचा ठरतो. बोलिव्हियातील सहकारी संस्थांवरील १९८३ च्या अभ्यासातही त्यांनी अशीच भूमिका घेतली.

फोर्ड फाउंडेशनच्या उपजीविकाविषयक कार्यक्रमांचा आढावा घेणारा त्यांचा लेख १९८९ साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उत्पन्नवाढीचे बहुतेक प्रकल्प फार थोड्या लोकांपुरते मर्यादित राहिल्याचे त्यांना आढळले. याला अपवाद ठरलेल्या संस्थांमध्ये त्यांनी अहमदाबादची 'सेवा', मद्रासचा वर्किंग विमेन्स फोरम, बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि मुंबईची अन्नपूर्णा यांचा समावेश केला. यांपैकी अन्नपूर्णा महिला मंडळ हे प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातील खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करून स्थापन केले होते. एकाच व्यवसायावर किंवा कामावर आरंभी लक्ष केंद्रित करणे आणि सत्ताकेंद्रांशी संबंध असलेले नेतृत्व लाभणे, ही अशा यशस्वी संस्थांची समान लक्षणे असल्याचे त्यांनी म्हटले.

सेआरा येथील अभ्यास

टेंडलर १९८० च्या दशकात एमआयटीत अध्यापन करू लागल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह सेआरातील शासकीय कार्यक्रमांची पाहणी केली. दुष्काळप्रवण असलेले हे राज्य ब्राझीलमधील अतिगरीब राज्यांपैकी एक असून, तेथील राजकारणात आश्रयदात्या घराण्यांचे वर्चस्व होते. तासो जेरेइसाती (कार्यकाळ १९८७–९१) आणि त्यांच्यानंतर सिरो गोमेस या सुधारणावादी गव्हर्नरांच्या काळात तेथील प्रशासनात बदल झाले.

पाहणीतील सर्वांत गाजलेला कार्यक्रम आरोग्यसेविकांचा होता. १९८७ च्या दुष्काळातील रोजगार योजनेतून तो सुरू झाला आणि पुढे त्यात सुमारे ७,३०० सेवक काम करू लागले. त्यांत प्रामुख्याने स्त्रिया होत्या. त्यांना किमान वेतन मिळे व त्यांच्यावर परिचारिकांची देखरेख असे. १९८७ ते १९९२ या काळात राज्यातील बालमृत्युदर दर हजारी १०२ वरून ६५ वर आला, तर गोवर व पोलिओ लसीकरणाचे प्रमाण २५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत वाढले. १९९३ मध्ये राज्याला युनिसेफचा मॉरिस पेट पुरस्कार मिळाला.

या यशाचे श्रेय केवळ विकेंद्रीकरणाला देता येत नाही, असे टेंडलर यांचे म्हणणे होते. सेविकांची निवड राज्य सरकारने स्वतःच्या हाती ठेवल्यामुळे महापौरांना या जागा आपल्या माणसांना वाटता आल्या नाहीत. सेविकांना निवडणूक प्रचार करण्यास मनाई होती. ज्यांची निवड झाली नाही, अशा उमेदवारांनाही नियम समजावून सांगण्यात आले होते व निवडलेल्यांच्या कामावर लक्ष ठेवण्यास सांगण्यात आले होते. त्यामुळे गावोगावी जाणकार पहारेकरी तयार झाले. कार्यक्रमाच्या सततच्या प्रसिद्धीमुळे नागरिक आपल्या महापौरांकडे त्याची मागणी करू लागले. सेविकांनाही कामातून गावात मान मिळाला. राज्य सरकार, नगरपालिका आणि नागरिक या तिघांच्या परस्पर दबावातून चांगले शासन घडते, हा या ग्रंथाचा मुख्य निष्कर्ष आहे.

साओ जोआओ दो आरुआरू या लहान गावाचे उदाहरणही वारंवार उद्धृत होते. राज्याने शाळांसाठीचे फर्निचर तेथील लहान सुतारकाम व्यावसायिकांकडून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा गावात चार लाकूड कारखाने होते. पाच वर्षांनी त्यांची संख्या ४२ झाली.

उत्तरकालीन लेखन

जागतिक बँकेसारख्या संस्थांनी पुरस्कारलेल्या 'सामाजिक निधीं'च्या लोकप्रियतेची टेंडलर यांनी २००० साली समीक्षा केली. २००२ च्या एका लेखात त्यांनी 'सैतानी सौदा' ही संकल्पना मांडली. मते दिल्यास कर व कायद्यांची अंमलबजावणी सैल ठेवू, असा अलिखित करार राजकारणी लहान उद्योजकांशी करतात. त्यामुळे मते मिळतात, परंतु ते उद्योग अनौपचारिक क्षेत्रातच अडकून पडतात, असा तिचा आशय आहे.

प्रभाव आणि टीका

सेआराच्या अनुभवानंतर ब्राझील सरकारने १९९१ मध्ये सामुदायिक आरोग्यसेवकांचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९९४ मध्ये कुटुंब आरोग्य कार्यक्रम सुरू केला. एकाच खात्यातील यशस्वी व अयशस्वी कामांची तुलना करण्याची टेंडलर यांची पद्धत प्रशासनाच्या अभ्यासकांनी स्वीकारली. दुसरीकडे, एका राज्यातील विशिष्ट राजकीय परिस्थितीत मिळालेले निष्कर्ष इतरत्र कितपत लागू पडतील, तसेच नेतृत्व बदलल्यावर अशी कामगिरी टिकेल का, असे आक्षेप घेतले जातात. आरोग्यात सुधारणा होऊनही सेआरातील दारिद्र्य व विषमता मोठ्या प्रमाणात कायम राहिली, याकडेही लक्ष वेधले जाते.

निवडक ग्रंथ

* इलेक्ट्रिक पॉवर इन ब्राझील (१९६८)
* इनसाइड फॉरेन एड (१९७५)
* व्हॉट टू थिंक अबाउट कोऑपरेटिव्ह्ज (१९८३)
* गुड गव्हर्नमेंट इन द ट्रॉपिक्स (१९९७)