भाडं वाचवणाऱ्यांचं लंडन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरात हिशेब सुरू होतात. कॉलेजची फी किती, विमानाचं तिकीट किती, राहण्या-जेवणाला किती. बस आणि रेल्वेचं रोजचं भाडं या यादीत सहसा शेवटी येतं, कधी येतही नाही. पण परक्या शहरात पहिल्या आठवड्यातच कळतं, की दररोज लागणारा खर्च तो हाच. लंडनच्या बाबतीत हा अनुभव सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आपल्या ओळखीच्या काही मोठ्या माणसांनी विद्यार्थी असताना तो घेतलेला आहे.

लंडनमध्ये ठरलेल्या मार्गावर धावणारी घोड्यांची पहिली बस जॉर्ज शिलिबियर यांनी १८२९ साली सुरू केली. पॅडिंग्टन ते बँक या प्रवासाला एक शिलिंग पडे. हातावर पोट असणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. १० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी धावू लागली. इंजिन वाफेचं होतं, त्यामुळे बोगद्यात धूर कोंडे. तरीही लोकांनी गर्दी केली. पुढे १८८३ च्या कायद्यानं कामगारांसाठी पहाटेच्या गाड्यांना स्वस्त तिकिटं ठेवणं रेल्वे कंपन्यांना भाग पडलं. ज्याच्यावाचून शहराचं काम अडतं, त्याला सवलत मिळाली. परदेशातून आलेला विद्यार्थी त्या हिशेबात कुठेच नव्हता.

अशा लंडनमध्ये १८८८ च्या ऑक्टोबरअखेर मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी उतरले. वय नुकतंच एकोणीस झालेलं. सुरुवातीला ते वेस्ट केन्सिंग्टन भागात एका कुटुंबात राहत. त्यांचं इनर टेम्पल तिथून बरंच लांब. कुठेही जायचं तर वाहन आलंच. पण गांधीजींना पैन् पैचा हिशेब लिहायची सवय होती. बसचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्राचे चार पैसे, सगळं वहीत उतरत असे. त्या वहीनंच त्यांना विचार करायला लावलं. कुटुंबातलं राहणं सोडून त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या, आणि जागा निवडताना कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल एवढं पाहिलं. आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं आहे, की त्यामुळे भाडं वाचलं आणि रोज आठ-दहा मैल, म्हणजे तेरा ते सोळा किलोमीटर चालणं होऊ लागलं. इंग्लंडमध्ये प्रकृती चांगली राहिली, त्याचं श्रेयही ते या चालण्याला देतात. परदेशी गेलेली मुलं आजही तेच गणित मांडतात. कॉलेजजवळच्या खोलीचं भाडं जास्त, लांबच्या खोलीचं कमी. मग लांबच्या खोलीत रोजचा प्रवास मिळवला, तर स्वस्त नक्की काय पडतं?

दुसरं उदाहरण हायगेटचं. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी तिथे क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर इंडिया हाउस हे भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह उघडलं. वर्षभरानं, १९०६ च्या जुलैत, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीनं शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर तिथे राहायला आले. इंडिया हाउसमधलं राजकारण आपण पुष्कळ वाचलेलं असतं. ते कुठे होतं याचा विचार सहसा होत नाही. हायगेट ही उत्तर लंडनमधली टेकडी. सावरकर ज्या ग्रेज इनमध्ये कायदा शिकत, तिथून ती सहा-सात किलोमीटर दूर. टेकडीचा चढ इतका, की तिथे १८८४ साली जमिनीखालून फिरणाऱ्या तारेच्या दोरानं ओढली जाणारी ट्राम बसवावी लागली होती. सावरकर आल्यानंतर वर्षाच्या आत, २२ जून १९०७ रोजी, टेकडीच्या पायथ्याशी विजेवर चालणारी भुयारी रेल्वे आली. आज त्या स्टेशनाचं नाव आर्चवे आहे. शहराच्या कडेला राहून शहराच्या मध्यावर शिकायचं, हे अशा रेल्वेमुळे जमू लागलं. अट एकच, खिशात भाड्याचे पैसे हवेत.

ते नसले तर काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणावरून दिसतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत होते. तिथून ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय सुमारे चार किलोमीटर. घरापासून थोड्या अंतरावर चॉक फार्म स्टेशन, आणि तेही १९०७ साली सुरू झालेल्या त्याच रेल्वेवरचं. त्या रेल्वेनं म्युझियमच्या जवळपास थेट उतरता येत असे. पण दुपारच्या जेवणालाच जिथे फाटा, तिथे गाडीभाडं कुठून येणार? काटकसरीसाठी ते पायी जात, असं चरित्रकार सांगतात. सकाळी पाव आणि बोव्हरिलचा कप, रात्री भाजलेला पापड, आणि मधला सारा दिवस वाचन. त्यांचा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. तो १९२३ साली ग्रंथरूपानं प्रसिद्ध झाला. हे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनानं विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. लंडनला जाणाऱ्यानं ते पाहावं आणि जमलं तर तिथून म्युझियमपर्यंत एकदा चालत जावं.

पुढे नवख्याला एक मोठी मदत झाली. हॅरी बेक या आरेखकानं भुयारी रेल्वेचा सरळ आणि तिरक्या रेघांचा नकाशा तयार केला आणि तो १९३३ मध्ये लोकांच्या हाती आला. भाषा कच्ची असली तरी रंग पाहून गाडी बदलता येऊ लागली. मात्र त्या नकाशात अंतरं खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं जेमतेम अडीचशे मीटरवर आहेत. नवा माणूस तेवढ्यासाठीही तिकीट काढून खाली उतरतो. चालणाऱ्याला हे आधीच ठाऊक असतं.

आता विद्यार्थी त्या हिशेबात आला आहे. लंडनमध्ये राहून मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकणाऱ्याला, तो कुठल्याही देशाचा असो, फोटो असलेलं विद्यार्थी ऑयस्टर कार्ड काढता येतं. त्यावर आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या पासावर तीस टक्के सवलत मिळते. सुट्या प्रवासावर मात्र ती नाही. २०१४ पासून तिथल्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. २०१६ पासून एका तासाच्या आत दुसरी बस घेतली, तर तिचं वेगळं भाडं पडत नाही. जाण्याआधी एवढं माहीत असलं, तरी पहिल्या महिन्यातले बरेच पौंड वाचतात.

गांधीजींनी खोली बदलली. बाबासाहेबांना तीही सोय नव्हती, त्यांनी पाय झिजवले. म्हणून बस-रेल्वेच्या सवलतीकडे किरकोळ सूट म्हणून पाहू नये. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला शहरापर्यंत आणून सोडते; ग्रंथालयाच्या दारापर्यंत रोज कसं पोचायचं, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडेही खेड्यातून पुण्या-मुंबईला शिकायला येणाऱ्या मुलामुलींना तो रोज पडत असतो.