एका करारावरील दोन सह्या

निवडणुकीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा पक्षांच्या जयापजयाचे आंकडे सांगितले जातात. आज मी एकाच मतदारसंघाची हकीकत सांगणार आहें. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांताच्या असेंब्लीसाठीं फेब्रुवारी १९३७ मध्यें पहिली निवडणूक झाली. तींत मुंबई शहरांतील भायखळा-परळ या मतदारसंघांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पालवणकर बाळू हे परस्परांविरुद्ध उभे होते. एक कायदेपंडित, दुसरे क्रिकेटपटु. आणि दोघेहि अस्पृश्य गणलेल्या समाजांत जन्मलेले.

बाळूंचें नांव त्या काळीं घरोघर ठाऊक होतें. पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यावर दरमहा चार रुपये पगारावर मैदानाची निगा राखणारा हा चर्मकार तरुण पुढें हिंदूंच्या संघाचा प्रमुख गोलंदाज झाला. मैदानांत त्याच्या हातचा चेंडू चालत असे. चहापानाच्या वेळीं मात्र त्याचा कप वेगळा असे. १९११ सालीं इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघांतून खेळतांना त्यांनीं ११४ गडी बाद केले. दलित समाजाला ज्यांचा प्रथम अभिमान वाटला अशा पुरुषांत बाळूंची गणना होते, आणि तरुणपणीं आंबेडकरांनाहि त्यांच्याविषयीं आदर होता.

मग हे दोघे समोरासमोर कसे आले? त्याचें मूळ १९३२ मध्यें आहे. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा निवाडा त्या वर्षीं ब्रिटिश सरकारनें जाहीर केला. त्याविरुद्ध गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण आरंभिलें, आणि २४ सप्टेंबर रोजीं पुणें करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. मुंबई प्रांताच्या वांट्याला अशा १५ जागा होत्या. प्राथमिक निवडणुकींत दलित मतदारांनीं चार उमेदवार निवडावे, व त्यांतून एकास सर्व सर्वसाधारण मतदारांनीं निवडून द्यावें, अशी तरतूद होती. या करारावर आंबेडकरांची सही आहे, आणि बाळूंचीहि आहे. ज्या करारानें राखीव जागा निर्माण झाल्या, त्यावर सही करणारे दोघे पांच वर्षांनीं तशाच एका जागेसाठीं लढले!

ऑगस्ट १९३६ मध्यें आंबेडकरांनीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. काँग्रेसनें त्यांच्याविरुद्ध बाळूंना उभें केलें. यांतील धोरण उघड आहे. ज्याच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवूं शकणार नाहीं, आणि ज्याला सवर्ण मतदारहि आपला म्हणतील, असा दलित उमेदवार बाळूंखेरीज दुसरा कोण मिळणार? मताधिकार तेव्हां सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर, भाडें किंवा शिक्षण यांच्या अटींत बसणारे सुमारें तीन कोटी लोकच साऱ्या ब्रिटिश प्रांतांत मतदार होते. गरीब वस्तीचा आवाज त्यामुळें मुळांतच क्षीण होता.

परंतु एका नियमानें पारडें फिरलें. मुंबई प्रांतांत एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला जागांइतकीं मतें असत, आणि तीं सारीं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. म्हणजे अल्पसंख्य मतदारांनीं निश्चय केला तर आपलीं सर्व मतें एकवटतां येत. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. अंतर अवघें २,०२० मतांचें.

या २,०२० मतांचें मोल पुढें दिसलें. १७५ पैकीं ८६ जागा जिंकलेल्या काँग्रेसचें खेर मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्यें अधिकारावर आलें, आणि समोरच्या बाकांवर आंबेडकर होते. सप्टेंबरांत त्यांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. तें मंजूर झालें नाहीं. पण कोंकणांतल्या कुळाचें गाऱ्हाणें असेंब्लीच्या दप्तरीं दाखल झालें.

या कथेची दुसरी बाजू पंधरा वर्षांनीं घडली. प्रौढ मताधिकार आल्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, १९५२ सालीं, आंबेडकर उत्तर मुंबईंतून लोकसभेसाठीं उभे राहिले. तोहि दोन जागांचा मतदारसंघ. पण आतां मतदाराला आपलीं दोन्ही मतें एकाच उमेदवाराला देतां येत नव्हतीं. काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर विजयी झाले, आणि घटनेच्या मसुदा-समितीचे अध्यक्ष पराभूत झाले. पराभवाला इतर कारणेंहि होतीं; परंतु मतें एकवटण्याचें जुनें साधन हातांत उरलें नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं.

मतदारसंघ कसा आंखला आहे, मत कसें द्यावयाचें आहे, मतें कशीं मोजावयाचीं आहेत, हे प्रश्न रुक्ष वाटतात, आणि सभेंत त्यांवर टाळ्या पडत नाहींत. पण उमेदवाराचें भाषण सुरू होण्यापूर्वींच त्याचें अर्धें भवितव्य तेथें ठरलेलें असतें. पालवणकर बाळू १९५५ मध्यें निवर्तले, आंबेडकर १९५६ मध्यें. एकाचा पराभव अपमानाचा नव्हता, आणि दुसऱ्याचा विजय केवळ लोकप्रियतेचा नव्हता. म्हणून निवडणुकीचा निकाल वाचतांना आंकड्यांबरोबर नियमहि वाचावा, एवढीच माझी सुज्ञ श्रोत्यांस विनंती आहे.