‘दुसरे’ युद्ध कोणाचे?

इंग्रज-मराठे संघर्ष आपण तीन युद्धांत वाटून शिकवतो : पहिले १७७५ ते १७८२, दुसरे १८०३ ते १८०५, तिसरे १८१७-१८. ही मोजदाद सोयीची आहे. पण ती कंपनीच्या बाजूने केलेली आहे, याकडे आम्हां शिकवणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. कंपनीला समोर ‘मराठे’ नावाचा एकच शत्रू दिसत होता, म्हणून युद्धांना क्रमांक लावता आले.

पहिल्या युद्धाला हे नाव शोभते. राघोबाला गादीवर बसवायला निघालेल्या मुंबईकर इंग्रजांना जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण यावे लागले, तेव्हा नाना फडणीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर एका बाजूला होते.

१८०३ ची गोष्ट निराळी. दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्याने पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. किमान सहा हजार पायदळ, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांची मध्यस्थी : एवढे एका सहीने गेले. सही पेशव्याची, लढाई मात्र शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या वाट्याला आली.

२३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीची सुमारे १,६०० माणसे मारली वा जायबंदी केली. दिवस तरीही इंग्रजांचा ठरला. त्यांच्या सोबत त्या दिवशी मराठा घोडदळही होते! मग ‘मराठे’ नक्की कोण, हा प्रश्न वर्गात विचारायला हरकत नसावी. होळकर या काळात अलिप्त राहिले. विठोजीचा शेवट आठवला तर ते अनाकलनीय वाटत नाही. क्षम्य वाटावे की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी तह केला. होळकरांचे युद्ध एप्रिल १८०४ मध्ये सुरू झाले. त्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची फौज मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत हटत, मोडत गेली. हे यश असईच्या आधी आले असते तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. पण या दोन लढ्यांना एकच क्रमांक देऊन आपण मधली फट बुजवतो, आणि पराभवाचे खरे कारण तर त्या फटीतच आहे.

फट पुढेही भरली नाही. १८१७ मध्ये खडकी, सीताबर्डी आणि महिदपूर या तिन्ही लढाया सात आठवड्यांच्या आत झाल्या. पेशवे, भोसले आणि होळकर आपापल्या जागी, एकेकटे लढले. पहिली खडकीची, ५ नोव्हेंबरची. त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह केला.