जादवपूरचे विश्वसाहित्य

पदवीनंतर साहित्य शिकायचे म्हणजे मराठी, इंग्रजी किंवा संस्कृत यांपैकी एका विषयात एम.ए. करायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु एकाच भाषेच्या कुंपणात न राहता अनेक भाषांतील साहित्य शेजारी शेजारी ठेवून अभ्यासणारीही एक विद्याशाखा आहे. तिला तौलनिक साहित्य असे म्हणतात. भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग १९५६ साली कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सुरू झाला. त्याचा इतिहास आपणा ख्रिस्ती वाचकांना विशेष जवळचा वाटावा असा आहे.

या विभागाचे बीज स्वदेशीच्या चळवळीत पेरले गेले होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. १९०७ साली या परिषदेच्या व्यासपीठावरून रवींद्रनाथ टागोरांना तौलनिक साहित्यावर बोलण्यास सांगण्यात आले. त्यांनी या विषयाला स्वतःचे नाव दिले, ‘विश्वसाहित्य’. त्यांच्या विवेचनाचा आशय असा होता : माझे शेत, तुझे शेत आणि त्याचे शेत यांची बेरीज म्हणजे पृथ्वी नव्हे, त्याचप्रमाणे निरनिराळ्या लेखकांच्या कृतींची बेरीज म्हणजे साहित्य नव्हे. प्रत्येक कृतीतून अखंड मानव प्रकट होत असतो. त्याला पाहणे हा साहित्याच्या अभ्यासाचा हेतू होय.

याच परिषदेच्या कार्यातून १९५५ साली जादवपूर विद्यापीठ आकारास आले. दुसऱ्या वर्षी ‘कविता’ या त्रैमासिकाचे संपादक, कवी बुद्धदेव बसू यांनी तेथे तौलनिक साहित्याचा विभाग उभारला. बोदलेअर व रिल्के यांना बंगालीत आणणारा हा कवी कालिदासाच्या मेघदूताचाही अनुवादक होता. त्यांनी कवी सुधींद्रनाथ दत्त यांना अध्यापनासाठी बोलावले, तसेच एका धर्मगुरूंनाही बोलावले. ते होते बेल्जियमचे येशूसंघीय फादर रोबेर आंत्वान.

फादर आंत्वान १९३९ साली भारतात आले. ग्रीक व लॅटिनचे संस्कार घेऊन आलेल्या या मिशनऱ्याने संस्कृत आणि बंगाली आत्मसात केली. शालेय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी संस्कृतचे पाठ्यपुस्तक लिहिले. व्हर्जिलचे ‘ईनिड’ हे महाकाव्य त्यांनी एका बंगाली सहकाऱ्याच्या साथीने लॅटिनमधून बंगालीत आणले, तर कालिदासाचे ‘रघुवंश’ इंग्रजीत नेले. रामायणावरील त्यांचा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. १९८१ साली त्यांचे निधन झाले. जे आपल्याजवळ होते ते त्यांनी दिले आणि जे येथे होते ते विद्यार्थ्याच्या नम्रतेने घेतले.

अशा अभ्यासातून काय हाती लागते, हे एका उदाहरणाने पाहू. ‘इलियड’च्या अखेरीस हेक्टरच्या शवाजवळ अँड्रोमकी, हेक्युबा आणि हेलन विलाप करतात. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर आक्रोश करते. शोक तोच, परंतु त्याची वाट वेगळी. तेथे वृद्ध प्रायमचे अश्रू पाहून अकिलीजचे मन द्रवते, तो शत्रूचे शव परत देतो आणि अंत्यविधीपुरते युद्ध थांबते. येथे गांधारी साक्षात श्रीकृष्णाला जाब विचारते आणि शाप देते. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न व्यर्थ आहे. एक काव्य वाचल्यावर दुसऱ्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट दिसू लागते, हाच खरा लाभ.

या विभागाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत नवनीता देव सेन होत्या. पुढे त्या तेथेच प्राध्यापिका झाल्या. सोळाव्या शतकातील चंद्रावती या बंगाली कवयित्रीचे रामायण त्यांनी अभ्यासकांपुढे आणले; त्यात सीतेचे दुःख केंद्रस्थानी आहे. मग त्यांनी मैथिली, तेलुगू आणि मराठी स्त्रियांच्या गीतांकडे मोर्चा वळवला. जात्यावर दळता दळता आमच्या मायमाउल्यांनी गायिलेली सीता अशा रीतीने विद्यापीठात पोहोचली. होमर आणि व्यास यांच्यापासून निघालेला अभ्यास निरक्षर स्त्रीच्या ओवीपर्यंत आला, हे मला त्याचे मोठे यश वाटते.

मुंबई विद्यापीठात कविवर्य वसंत बापट यांनी हा विषय शिकवला आणि त्यावर मराठीत ग्रंथही लिहिला. आपल्या समाजाजवळ तर या अभ्यासाचे मोठे धन आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ साली बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. वसईच्या लग्नगीतांत ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी मातीची रीत एकत्र नांदतात. मात्र ही गीते मुखोद्गत असलेल्या आज्या एकामागून एक आपल्यातून जात आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही.

म्हणून एखाद्या मुलाने वा मुलीने साहित्य शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर ‘त्यातून पोट भरेल काय?’ एवढाच प्रश्न पालकांनी विचारू नये. प्रथम तिला आजीजवळ बसवावे आणि गीते लिहून घ्यायला सांगावे. जगाच्या साहित्याकडे जाणारी वाट आपल्या ओटीवरूनही निघते.