क्षयरोगाचे उपचार घरी कसे आले?

एकेकाळी क्षयरोग झाला की रुग्णाला घरदार सोडून महिनोन्महिने सॅनिटोरियममध्ये राहावे लागे. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हवाच, अशी समजूत होती.

१९५६ मध्ये मद्रासला संशोधकांनी गरीब रुग्णांचे दोन गट केले. औषधे तीच, पण एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या कुटुंबीयांचा धोकाही वाढला नव्हता. खरे काम औषधांनीच केले होते.

म्हणूनच आज आम्ही डॉक्टर टीबीच्या बहुतेक रुग्णांवर घरीच उपचार करतो. तेव्हा रुग्णाला वाळीत टाकू नका. आणि खोकला थांबला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका.