सर्व्हर क्लस्टर

एकच सेवा मिळून देणाऱ्या अनेक सर्व्हरचा संच. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ मध्ये जाहीर केलेला व्हॅक्सक्लस्टर हा त्याचा आरंभीचा गाजलेला नमुना.

दहावीच्या निकालादिवशी दुपारी १ वाजता जळगाव-धुळ्याची मुले मोबाइलवर बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकतात. त्याच क्षणी साऱ्या राज्याचीही झुंबड उडते. म्हणून मंडळ निकाल अनेक संकेतस्थळांवर देते. क्लस्टरमध्ये ही वाटणी लोड बॅलन्सर करतो: पाळीपाळीने, किंवा ज्या सर्व्हरवर जोडण्या कमी त्याच्याकडे. निकाल फक्त वाचायचा असतो, त्यामुळे सर्व्हर वाढवणे सोपे.

बँकेच्या खात्यांचे तसे नाही, कारण त्यांत नोंदीही करायच्या असतात. तिथे सर्व्हर एकमेकांना सतत ‘हार्टबीट’ संदेश पाठवतात. तो थांबला की राखीव सर्व्हर काम हाती घेतो. मात्र मधला दुवाच तुटला, तर दोघेही स्वतःला मुख्य समजून नोंदी करू लागतात. हा सर्वांत घातक बिघाड. तो टाळण्यासाठी क्लस्टरमध्ये मत देणारे किमान ३ घटक ठेवतात आणि बहुमताचा गटच चालू राहतो.